पगार नसलेली रेल्वे: घाटातल्या निवृत्त ड्रायव्हरच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे बाबा मध्य रेल्वेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, नोकरीचा मोठा काळ कर्जत-लोणावळा घाटात गेला. उन्हाळ्यात ते तुमच्याकडे इंग्लंडला आले होते, तेव्हा तुम्ही त्यांना एका कंट्री पार्कमधल्या (गावाबाहेरच्या मोठ्या सार्वजनिक उद्यानातल्या) दोन फुटी, म्हणजे रुळांमध्ये दोन फूट अंतर असलेल्या, गाडीत बसवलंत. तिकीट देणाऱ्या बाईंपासून इंजिनावरच्या माणसापर्यंत कोणालाच पगार नाही हे कळल्यावर ते अस्वस्थ झाले. बिनपगारी माणसांच्या हाती प्रवासी सोपवतात कसे, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि घरी येईपर्यंत दुसरा तयार होता: मला घेतील का?

मी इथे बरीच वर्षं अशाच एका रेल्वेवर काम करते. सुरुवात रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत झाली, मग गार्ड झाले, आता वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर आहे आणि नव्या लोकांची परीक्षाही घेते. बाबांचा पहिला प्रश्न अस्सल रेल्वेवाल्याचा आहे, म्हणून आधी तोच.

कायदा पगारपत्रक बघत नाही. प्रवासी नेणारी रेल्वे म्हटली की तिच्यावर 'ऑफिस ऑफ रेल अँड रोड' या सरकारी नियामकाची नजर असते. त्यांचे निरीक्षक आमच्यासारख्या छोट्या रेल्वेवरही येतात आणि कागद मागतात. ताशी २५ मैलांच्या आत धावणाऱ्या वारसा रेल्वेला (जपून ठेवलेल्या जुन्या रेल्वेला) मेनलाइनसारखं सुरक्षा प्रमाणपत्र घ्यावं लागत नाही, पण २००६ च्या रेल्वे सुरक्षा नियमांनुसार लेखी सुरक्षा व्यवस्था ठेवावीच लागते: कोण काय करणार, त्याला ते येतं हे कोणी तपासलं, कधी तपासलं, पुन्हा कधी तपासणार. बॉयलरला २००० चे प्रेशर सिस्टिम्सचे नियम लागू आहेत. रेल्वेबाहेरचा सक्षम तपासनीस बॉयलर आधी थंड असताना आतून-बाहेरून बघतो, मग वाफेवर बघतो, आणि त्याचा कागद हातात आल्याशिवाय आम्ही ते इंजिन प्रवासी गाडीला जोडत नाही. दारूच्या बाबतीत १९९२ चा ट्रान्सपोर्ट अँड वर्क्स कायदा स्वयंसेवकालाही तितकाच लागू आहे. अपघात झालाच तर मेनलाइनचे अपघात तपासणारी शाखाच आमच्याकडे येऊ शकते. बाबांना सांगा, गाडी छोटी असली तरी रेल्वे पूर्ण आहे.

आता ती चालते कशी. याची सुरुवात दोन फुटांपासून करायला हवी. मोठ्या गेजची (रुळांमधल्या अंतराची) रेल्वे चार-दोन माणसांना पेलत नाही. भारतात मेनलाइनवर आज मीटरला ६० किलोचा रूळ असतो. आमचा रूळ यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. सहा मीटरचा तुकडा साधारण ९० किलो भरतो, तो चार जण चिमट्याने उचलून हव्या त्या जागी ठेवू शकतात. क्रेन नाही, मोठा ब्लॉक नाही. हा हलकेपणा युद्धातून आला. पहिल्या महायुद्धात आघाडीवर दारूगोळा पोचवण्यासाठी फ्रान्समध्ये ६० सेंटिमीटर गेजचे रूळ खंदकांपर्यंत टाकले गेले. युद्ध संपलं आणि इंजिनं, वाघिणी, रूळ असं सगळं सामान स्वस्तात विक्रीला निघालं.

बेडफर्डशायरमधल्या लेटन बझर्डची रेल्वे त्याच सामानातून उभी राहिली. युद्धामुळे बेल्जियमची वाळू बंद झाली, ओतकामाला स्थानिक वाळू लागू लागली, आणि वाळूच्या वाहतुकीने गावातले रस्ते उखडले. म्हणून १९१९ मध्ये खाणींपासून मोठ्या रेल्वेच्या सायडिंगपर्यंत दोन फुटी लाइन सुरू झाली. बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीची 'सिम्प्लेक्स' इंजिनं तिथे लवकरच आली. तीही मुळात खंदकांसाठीच केलेली, धुराने जागा उघड होऊ नये म्हणून पेट्रोलवर चालणारी. वाळू पुन्हा रस्त्यावर जाऊ लागली तेव्हा, १९६०च्या दशकाच्या अखेरीस, हौशी लोकांनी तिथे प्रवासी गाड्या सुरू केल्या. आज पेजेस पार्कपासून स्टोनहेंज वर्क्सपर्यंत जवळपास तीन मैल गाडी जाते. गाव वाढत वाढत रुळांपाशी आलं, त्यामुळे बराचसा मार्ग घरांच्या परसांमागून जातो. फाटकाला गाडी थांबते, कर्मचारी लाल झेंडा घेऊन उतरतो, रस्ता अडवतो, मग गाडी पलीकडे जाते. बाबांनी हे दृश्य एकदा बघावंच.

या सगळ्याला वाट दाखवली ती वेल्समधल्या टॅलिलिनने. १९५० मध्ये तिचे मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले, रेल्वे बंद पडणार हे दिसत होतं. लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या साथीदारांनी संस्था काढली आणि १९५१ पासून स्वयंसेवकांनी गाड्या चालवल्या. जगातली ही अशी पहिली रेल्वे. सरकारी परवानगी, विमा, तिकीट या सगळ्याच्या वाटा तिथे पडल्या आणि बाकीचे त्यावरून चालत गेले.

कंट्री पार्क हा आणखी एक धागा. १९६८ च्या कायद्याने इथल्या स्थानिक संस्थांना असे पार्क करण्याची सोय मिळाली आणि अनेक ठिकाणी त्यासाठी जुन्या खाणींच्याच जमिनी वापरल्या गेल्या. स्टॅफर्डशायरमधलं एपडेल हे त्यातलं माझं आवडतं. एकेकाळी तिथे कोळसा आणि लोखंड निघत असे. आज झाडी, तळी आणि पायवाटा आहेत. मोझली रेल्वे ट्रस्टने तिथे रिकाम्या जमिनीवर रूळ टाकले आणि २०१० मध्ये प्रवासी गाडी सुरू केली. त्यांच्याकडे 'जॉफ्र' जातीचं एक इंजिन आहे, पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यासाठी बांधलेलं. ते बांधणारा केर स्टुअर्टचा कारखाना तिथून जवळच, स्टोक-ऑन-ट्रेंटमध्ये होता. नॉर्थॅम्प्टनशायरमधला अर्चेस्टर कंट्री पार्कही असाच, लोहखनिजाच्या खाणीवर उभा राहिलेला. तिथल्या संग्रहालयात त्या भागातली मीटर गेजची इंजिनं जपली आहेत.

पार्कमधून गाडी चालवणं घाटापेक्षा सोपं असेल असं बाबांना वाटेल. वेग कमी, चढ किरकोळ. पण घाटात रुळांवर कोणी बाबागाडी ढकलत नसतं. इथे कुत्रा साखळी सोडून पळतो, त्याच्या मागे मालक पळतो, कानात इअरफोन घातलेला सायकलवाला शिट्टी ऐकत नाही. शरद ऋतूत ओली पानं रुळांवर चिकटली की चाकं जागच्या जागी फिरतात आणि ब्रेक लावला तर घसरतात. म्हणून आमच्या प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका गोष्टीवर: जिथवर दिसतं, त्याच्या आत थांबता आलं पाहिजे.

गाडीच्या दिवशी काय होतं ते सांगते. पहिली गाडी साडेदहा-अकराची असली तरी फायरमन (इंजिनाची आग सांभाळणारा) सहा-साडेसहाला शेडमध्ये असतो. तो आधी आग पेटवत नाही. आधी पाणी बघतो. गेज ग्लासमध्ये (बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत) पाणी दिसतंय, एवढ्यावर त्याने विश्वास ठेवायचा नाही; नळीत कालचं पाणी अडकलेलं असू शकतं. खालचा ड्रेन उघडून बघायचं, पाणी गेलं पाहिजे आणि बंद केल्यावर चटकन वर आलं पाहिजे. वाफ धरली की हीच तपासणी नीट करायची: पाण्याचा कॉक बंद करून नुसती वाफ येते का, वाफेचा बंद करून नुसतं पाणी येतं का, आणि दोन्ही उघडल्यावर पाणी उसळून जागेवर येतं का. ते आळसटल्यासारखं हळूहळू चढलं तर वाटेत कुठेतरी क्षार साचलाय, आणि ते इंजिन त्या दिवशी बाहेर पडत नाही. छोट्या इंजिनात ही बाब फार नाजूक. बॉयलर लहान म्हणून पाण्याचा साठा लहान, आणि चढावर पाणी मागे सरकलं की काचेतली पातळी फसवते. फायरबॉक्सच्या (आगीच्या पेटीच्या) माथ्यावरचं पाणी गेलं तर तिथला शिशाचा प्लग वितळून वाफ आगीवर येते. तोवर गोष्ट जाऊ द्यायची नाही, यासाठीच तो माणूस पहाटे उठून आलेला असतो.

मग तेलात भिजवलेल्या चिंध्या, लाकडं, आणि लाकडांनी धरल्यावर थोडा थोडा कोळसा. घाई करायची नाही. बॉयलरचं पोलाद आणि तांबं वेगवेगळ्या गतीने प्रसरण पावतं, भराभर तापवलं तर सांध्यांवर ताण येतो. आग धरेपर्यंत ड्रायव्हर तेलाचा डबा घेऊन खाली वाकलेला असतो. प्रत्येक बेअरिंग, प्रत्येक पिन. हात लावूनच बघायचं. सैल नट नजरेला कधी कधी चुकतो, बोटांना सहसा चुकत नाही.

कोळशाचंही दुखणं आहे. वेल्सचा वाफेचा कोळसा यासाठी उत्तम. पण मर्थर टिडव्हिलजवळची फॉस-इ-फ्रान खाण २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये बंद झाली. तेव्हापासून आयात कोळसा, किंवा कोळशाच्या भुकटीपासून दाबून केलेले अंडाकृती गोळे, असं चालू आहे. त्यांची आग वेगळी जळते, जाळी वेगळी भरते, धूर वेगळा. जुन्या फायरमनना हात नव्याने बसवावा लागला.

एवढं सगळं वाचून वाफ म्हणजेच ही रेल्वे असं कोणाला वाटलं, तर मला ते खोडायचं आहे. इंजिनावर चढायला लोक रांग लावतात. रेल्वे जगते ती जानेवारीतल्या ओल्या सकाळी फावडं घेऊन येणाऱ्यांवर.

एक स्लीपर (रुळांखालचं आडवं लाकूड) बदलायचा म्हणजे काय? दोन्ही बाजूंची खडी उपसायची, खिळे किंवा क्लिपा काढायच्या, कुजलेलं लाकूड आडवं ओढून बाहेर काढायचं. ते बहुतेक वेळा तुकड्यातुकड्यांनी निघतं. नवा स्लीपर त्याच फटीतून आत सरकवायचा, गेजपट्टी लावून दोन रुळांमधलं अंतर तपासायचं, मग बांधायचं. आणि शेवटी खडी परत भरून खालून ठासायची, दोन्ही बाजूंनी सारखी. इथेच नवखा माणूस फसतो. एका बाजूला जास्त ठासलं की रूळ उचलला जातो, आडवी पातळी बिघडते, आणि पुढच्या रविवारी डबा तिथे हेलकावा खातो. वळणावर तर बाहेरचा रूळ किती उंच ठेवायचा त्याचा हिशेब असतो. रुळांची देखभाल करणाऱ्या गॅंगमन आणि कीमन यांना बाबांनी आयुष्यभर इंजिनातून हात केला असेल. इथे ड्रायव्हर झाल्यावरही आम्ही अधूनमधून त्यांच्यातच असतो.

उन्हाळ्यात वेगळी काळजी. १२ मीटरचा रूळ ३० अंशांनी तापला तर सुमारे ४ मिलिमीटर वाढतो. फिशप्लेटच्या (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीच्या) सांध्यात तेवढी फट नसेल, किंवा बोल्ट गंजून जाम झाले असतील, तर तो वाढायला जागा शोधतो आणि लाइन बाजूला फुगते. म्हणून वसंतात प्रत्येक सांधा उघडून, ग्रीस लावून, परत आवळायचा. कंटाळवाणं काम आहे आणि मला ते मनापासून महत्त्वाचं वाटतं. ज्या संस्थेत ही टोळी रोडावते, तिथे इंजिन कितीही चकचकीत असलं तरी मी माझ्या घरच्यांना त्या गाडीत बसवणार नाही.

आता बाबांबद्दल. घेतील का? बहुतेक ठिकाणी आनंदाने घेतील. पण थेट इंजिनावर नाही, आणि हे त्यांना आधीच सांगून ठेवा. भोर घाटातल्या १ः३७ च्या चढावर गाडी वर नेणाऱ्या आणि उतरवणाऱ्या माणसाला ब्रेक काय ते मी शिकवावं असं नाही. तरीही इथली नियमपुस्तिका, इथला मार्ग, इथल्या शिट्ट्या आणि झेंडे नवे आहेत. एकेरी लाइनवर टोकन (पुढे जाण्याच्या परवानगीची खूण) हातात असल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे त्यांना क्षणात कळेल. पण ते टोकन कोणाकडून घ्यायचं, कोणाला परत द्यायचं, हे आमच्या पुस्तकात वेगळं लिहिलेलं असेल. क्रम साधारण असा: आधी रुळांच्या कडेला सुरक्षित कसं वावरायचं याचा छोटा वर्ग, मग टोळीत किंवा स्टेशनवर काम, मग गार्डचं प्रशिक्षण, तोंडी-लेखी परीक्षा, दुसऱ्या गार्डबरोबर फेऱ्या, आणि मग स्वतंत्र. इंजिनाची शिडी निराळी: क्लीनर, फायरमन, ड्रायव्हर. डिझेलचं इंजिन चालवायला वेगळी परवानगी लागते. प्रत्येक पायरीवर वैद्यकीय तपासणी आणि ठरावीक काळाने पुन्हा परीक्षा. पूर्वीचा अनुभव असलेली माणसं लवकर वर चढतात, पण पायऱ्या त्यांनाही तेवढ्याच असतात. यात त्यांचा अपमान नाही. मेनलाइनचे इथले निवृत्त ड्रायव्हरही आमच्याकडे फावड्यापासूनच सुरू करतात.

व्हिसाचं बघून घ्या. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला इथे नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, तीही मुख्य भेटीच्या जोडीने. म्हणजे रेल्वे धर्मादाय म्हणून नोंदलेली आहे का हे आधी विचारा; काही ठिकाणी गाडी चालवणारी कंपनी वेगळी आणि ट्रस्ट वेगळा असतो. नियम बदलत असतात, निघण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावर वाचून खात्री करा. तीस दिवसांत ते गार्ड होणार नाहीत. टोळीत मात्र पहिल्या दिवशीच उपयोगी पडतील, आणि शेडमध्ये चहाच्या वेळी त्यांच्या घाटातल्या गोष्टी ऐकायला सगळे कान देऊन बसतील हे मी खात्रीने सांगते.

तुमच्या मुलीचंही विचारलंय. लहान मुलांना औद्योगिक कामावर ठेवण्यास मनाई करणारा १९२० चा एक कायदा इथे आहे, त्याची सावली रेल्वेवरच्या बालस्वयंसेवकांवरही पडते. प्रत्येक संस्था वयाची अट आपापली ठरवते. विचारा, आग्रह धरू नका.

पैशांचं थोडक्यात: तिकिटांवर रोजचा खर्च कसाबसा निघतो. डिसेंबरात सांताक्लॉजच्या गाड्या भरून जातात, त्यावर पुढचा हिवाळा निघतो. देणगी देणारा इथला करदाता असेल तर 'गिफ्ट एड'मधून सरकार प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स संस्थेला देतं. तो अर्ज भरायला विसरू नका. बॉयलरच्या मोठ्या दुरुस्तीसाठी मात्र वर्षानुवर्षं पैसे साठवावे लागतात. काही इंजिनं शेडच्या कोपऱ्यात उभी दिसतात ती म्हणूनच.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मला हे उत्तर लिहायचंच होतं ती. बाबांना लेटन बझर्डला न्या. नेरळ-माथेरान लाइनसाठी आदमजी पीरभॉय कुटुंबाने मागवलेली चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेलने बांधली होती, क्रमांक ७३८ ते ७४१. लाइन १९०७ मध्ये सुरू झाली. तीव्र वळणांवर चाकं वळावीत म्हणून पुढचा-मागचा आस हलता ठेवणारी क्लिन-लिंडनर पद्धत त्यांना होती. त्यातलं ७४० इंग्लंडला आलं आणि आज लेटन बझर्डच्या इंजिनांत गणलं जातं. कर्जतला ड्यूटीवर जाताना बाबांनी नेरळच्या फलाटापलीकडे ती छोटी गाडी किती वेळा पाहिली असेल. लेटन बझर्डलाच 'रिशरा' नावाचं इंजिनही आहे, १९२१ चं, कोलकात्याजवळच्या पाणीपुरवठा केंद्रावर काम केलेलं आणि मायकेल सॅटो यांनी शोधून परत आणलेलं. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाच्या उभारणीत सल्लागार असलेले सॅटो ते हेच. आणि बाल्डविन कंपनीचं ७७८ क्रमांकाचं इंजिन, जे अमेरिकेत बनलं, युद्धासाठी ब्रिटिश सैन्याने घेतलं आणि नंतर उत्तर भारतातल्या साखर कारखान्यात राबलं. कोणतं इंजिन कोणत्या दिवशी बघायला मिळेल ते फोन करून विचारा.

स्टॅफर्डशायरला गेलात तर मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यातून चालत या. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी त्याच अडीच फुटी गेजची, बार्शीच्याच धर्तीची रेल्वे तिथे केली. लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन १९०४ मध्ये सुरू झाली, १९३४ मध्ये बंद पडली, आता तिची पायवाट आहे. कुर्डुवाडी-बार्शीचा अनुभव इंग्लंडच्या खेड्यात वापरला गेला, हे बाबांना नक्की आवडेल.

पुढचं पाऊल म्हणाल तर सीझन संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जवळच्या रेल्वेला पत्र लिहा आणि कामाचा दिवस विचारा. बहुतेक ठिकाणी शनिवार-रविवारी किंवा आठवड्यातला एखादा ठरलेला दिवस असतो. पोलादी टोपीचे बूट आणि जुने उबदार कपडे घालून या, भडक जाकीट संस्था देते. बाबांना इंग्रजीची चिंता असेल तर असू दे. आमच्या टोळीत सूचना तोंडाने कमी आणि हाताने जास्त दिल्या जातात, आणि त्यांना त्या आधीच येतात.